दिवे घाटात पद्मिनी बंद पडते, १५ मिनिटांनी आपोआप चालू होते. पेट्रोल येत नाहीये की करंट जातोय?

हडपसरची_पद्मिनी

नमस्कार मंडळी. बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९९४ ची, पॉइंट-कंडेन्सरवाली (जुन्या पद्धतीचं इग्निशन), सोलेक्स कार्ब्युरेटर, इंजिनला कधी हात लावलेला नाही. गावात एकदम मस्त चालते, मगरपट्टा, कॅम्प, स्वारगेट कुठेही न्या काही नाही, पण सासवडला जायला निघालं की वडकी सोडून दिवे घाट चढायला लागलो आणि खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की आधी पिकअप जातो, मग दोन-तीन झटके, मग गपकन बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते पण चालू होत नाही. बोनेट उघडून १५-२० मिनिटं शांत बसलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते आणि पुढे जेजुरीपर्यंतसुद्धा जाते कधीकधी.

आत्तापर्यंत केलेलं: कार्ब्युरेटर उघडून साफ केला, किट टाकलं, तरी तेच म्हणून परत उघडला. प्लग नवीन, पेट्रोल फिल्टर नवीन, एअर फिल्टर नवीन. गॅरेजवाले म्हणतात आता कार्ब्युरेटरच बदला, नाहीतर इलेक्ट्रिक पंप लावून टाका, नाना पेठेत मिळतो. बाबा म्हणतात टाकी फुल असली की त्रास कमी होतो, मला तो योगायोग वाटतो. आणखी एक, चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की पहिल्यांदा चालू व्हायला खूप सेल्फ मारावा लागतो, एकदा झाली की दिवसभर एका झटक्यात होते.

पंप घ्यायचा की कार्ब्युरेटर? की अजून काही बघायचं राहिलंय?

कोथरूडकर

व्हेपर लॉक. शंभर टक्के. पद्मिनीचा जुना आजार आहे हा, पंप इंजिनला चिकटलेला असतो, घाटात फर्स्ट-सेकंडला गाडी तापते, पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. आमचे काका खंडाळ्याला कायम पाण्याची बाटली आणि जुनं फडकं ठेवायचे, पंपावर ओलं फडकं टाकायचं की दोन मिनिटांत चालू. तुम्हीपण फडकं ठेवा, खर्च शून्य.

एक्स_एमएच१२

इ२० मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) होतंय सगळं. २०२३ पासून पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि तेव्हापासून जुन्या गाड्यांची वाट लागली आहे. गाडीत काही शोधू नका, पेट्रोल शोधा.

हडपसरची_पद्मिनी

@कोथरूडकर फडकं करून बघितलंय, फरक कळला नाही, पण तसंही १५ मिनिटं जातातच ना त्यात. आणि मागच्या पावसाळ्यात भुरभुर पाऊस, वर धुकं, चांगलीच थंडी वाजत होती तेव्हाही त्याच चढावर बंद पडली होती. तेव्हा वाफ कशी होणार?

@एक्स_एमएच१२ पेट्रोल कुठून आणू भाऊ, सगळ्या पंपांवर तेच आहे.

दापोडीकर_काका

पावसात आणि धुक्यात बंद पडत असेल तर व्हेपर लॉक मागे ठेवा, अगदी बाद नका करू पण यादीत खाली टाका.

आता जरा नीट वाचा, कारण सगळ्यांची गाडी इथेच घसरते. "१५ मिनिटांनी आपोआप चालू होते" ही खूण नाही. म्हणजे ती कशाचीच खूण नाही, कारण जेवढे संशयित आहेत ते सगळेच १५ मिनिटांत सुधारतात. वाफ झाली असेल तर थंड होऊन परत पेट्रोल होतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत तयार झालेली ओढ हळूहळू हवा शिरून सुटते. टाकीतल्या गाळणीवर गंज आणि गाळ चिकटला असेल तर इंजिन बंद झाल्यावर ओढ थांबते आणि गाळ खाली पडतो, वाट मोकळी. इग्निशन कॉईल किंवा कंडेन्सर तापून सोडत असेल तर तोही थंड झाला की करंट द्यायला लागतो. म्हणून उभं राहून, चहा पिऊन, चालू झाल्यावर घरी आणून गॅरेजला दाखवलं तर मिस्त्री काय बघणार? त्याच्यासमोर तर गाडी ठणठणीत असते. मग तो बिचारा कार्ब्युरेटर उघडतो, कारण तो समोर दिसतो.

जे बघायचं ते गाडी बंद पडल्या पडल्या, पहिल्या मिनिटात बघायचं. आणि पहिला प्रश्न एकच, कार्ब्युरेटरच्या वाटीत, म्हणजे पंपाकडून आलेलं पेट्रोल साठतं त्या कप्प्यात, पेट्रोल आहे का नाही. त्याला पाना लागत नाही. इंजिन बंद, चावी बंद, एअर फिल्टरचं झाकण काढा, वरून कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि दुसऱ्याला अॅक्सिलरेटर दाबायला सांगा किंवा हाताने लिंकेज ओढा. पिचकारी उडाली का? जोरात बारीक धार आली तर वाटीत पेट्रोल आहे, मग पंप, टाकी, पाइप सगळं सोडा आणि कॉईल-कंडेन्सरच्या मागे लागा. धार नाही आली, नुसता कोरडा खटका आला, तर वाटी रिकामी आहे आणि पेट्रोल मागूनच येत नाहीये. (अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅमच मेला असेल तर ही परीक्षा फसते, पण तुम्ही आत्ताच किट टाकलंय म्हणजे तो नवीन आहे, आणि निघायच्या आधी घरी एकदा पिचकारी बघून ठेवा म्हणजे कशी उडते ते कळेल.)

दोन गोष्टी जपा. इंजिन तापलेलं असतं, विडी-काडी लांब, आणि पेट्रोल बाहेर येईल असं काही घाटात करायचं नाही. दुसरं, त्या घाटात वळणावर उभं राहू नका, ट्रक आणि रुंदीकरणाची मशिनं कुठून येतील सांगता येत नाही, जरा पिकअप जायला लागला की तेव्हाच मोकळी जागा बघून बाजूला घ्या.

मृण्मयी_जी

काकांच्या पोस्टला धरून, एक गोष्ट कुणीच उचलली नाही ती म्हणजे टाकी फुल असली की त्रास कमी. तो योगायोग नाहीये, त्याने अर्धी यादी कमी होते.

झाकणाचं भोक बुजलं असेल तर उलट झालं असतं. टाकी फुल म्हणजे वर हवा अगदी थोडी, त्यातून लिटरभर पेट्रोल ओढलं तर आतला दाब पटकन पडतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर तेवढ्याच लिटरने फारसं काही होत नाही. म्हणजे व्हेंटचा (झाकणाच्या भोकाचा) त्रास फुल टाकीला जास्त. तुमच्या बाबांचं निरीक्षण उलटं आहे, म्हणून झाकणावर माझा संशय कमी. तरी बघायला फुकट आहे, बंद पडली की झाकण उघडा आणि ऐका, फुस्स असा आवाज आला तर तेच. नाही आला तर पुढे.

आणि उभी राहिल्यावर खूप सेल्फ मारावा लागतो, ते पण इथेच बसतं असं मला वाटतं. पद्मिनीत पंप पुढे इंजिनवर आणि टाकी मागे. टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा पाइप हा ओढीचा भाग आहे, तिथे दाब नसतो, ओढ असते. तिथे रबराला चीर गेली तर पेट्रोल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. उसाच्या रसाच्या स्ट्रॉला वर भोक पडलं की जसं होतं तसं. खाली डाग नाही, वास नाही, म्हणून कुणी बघत नाही. गाडी चार दिवस उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते, पाइपातलं पेट्रोल मागे टाकीत उतरतं आणि वाटीतलंही थोडं उडून जातं, मग पंपाला तो सगळा पाइप परत भरावा लागतो, म्हणून सेल्फ सेल्फ सेल्फ. पंपाचे व्हॉल्व नीट बसत नसतील तरी असंच होतं, हे खरं, ते दोन्ही वेगळे करावे लागतील.

हडपसरची_पद्मिनी

मृण्मयीताई, काका, दोघांचे आभार, हे कुणी सांगितलंच नव्हतं. एक शंका आहे. हवा आत जात असेल तर गावात का नाही बंद पडत? सिग्नलला तर तासन् तास आयडलला उभी असते, मगरपट्ट्याचा ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे.

दापोडीकर_काका

कारण आयडलला ती पितेच किती. ढोबळ हिशोब करा. आयडलला ही गाडी तासाला लिटरभर पेट्रोल घेते असं धरा, म्हणजे मिनिटाला १६-१७ मिली, चहाचे तीन-चार चमचे. घाटात सेकंडला ३० च्या स्पीडने चढताना ६ चा अॅव्हरेज धरला तर तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला ८०-८५ मिली. पाचपट. चांगला पंप आयडलच्या फेऱ्यांवर मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास सहज टाकतो, म्हणजे गरजेपेक्षा भरपूर. आता कुठेतरी अडलंय किंवा हवा शिरतेय आणि मिनिटाला ५०-६० मिलीच येतंय असं समजा. गावात कळणारसुद्धा नाही. घाटात वाटी भरते त्यापेक्षा जलद रिकामी होते, मग पिकअप जातो, मग झटके, मग बंद. तुम्ही लिहिलेला क्रम हाच आहे. करंट जातो तेव्हा बहुतेक वेळा असा पायरी-पायरीने जात नाही, मिसिंग येतं किंवा स्विच बंद केल्यासारखी बंद होते.

म्हणून इ२० वाल्यांना एवढंच सांगतो, इथेनॉलने मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, हे बरोबर आहे. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इ२० ला साधारण १३.५, आणि कार्ब्युरेटरला कॉम्प्युटर नाही, तो जुन्याच हिशोबाने देतो. त्याने पिकअप थोडा पडेल, सकाळी चोक जास्त वेळ लागेल, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकावासा वाटेल. पण गाडी घाटात बंद पडून १५ मिनिटांनी जेजुरी गाठते हे लीन मिक्श्चरने होत नाही. इथेनॉलचा खरा गुन्हा वेगळा आहे, तो जुनं रबर फुगवतो आणि मऊ करतो, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवून गाळणीपाशी आणून टाकतो. १९९४ च्या पाइपांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

गॅरेजवाला_धनकवडी

काका बरोबर. मी जोडतो. घरी आल्यावर बाटलीचा टेस्ट करा, मी गिऱ्हाइकासमोर हेच करतो म्हणजे नंतर भांडण नको.

इंजिन थंड, गाडी उघड्यावर, कॉईलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून बॉडीला घट्ट अर्थ करायची म्हणजे ठिणगी उडणार नाही. कार्ब्युरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत, बाटली इंजिनपासून लांब धरायला एक माणूस, आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. प्रत्येक झटक्याला गच्च पिचकारी यायला पाहिजे. बुडबुडे येत असतील, फुसफुस करून मधेच येत असेल तर हवा शिरतेय. मग दुसरा भाग, पंपाला मागून येणारा पाइप काढायचा आणि पंपाच्या तोंडाला नवा फूट-दीड फुटाचा पाइप लावून तो पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये बुडवायचा. आता परत सेल्फ. कॅनमधून गच्च आलं आणि टाकीवरून फुसफुस आलं तर पंप निर्दोष, गुन्हेगार मागे. कॅनमधूनपण फुसफुस आलं तर पंप.

पंप असेल तरी लगेच नवीन घेऊ नका. पंप आणि ब्लॉकच्या मधे जो जाड काळा ठोकळा असतो तो उष्णता अडवायला असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूला पातळ पॅकिंग. कुणीतरी घरी जाड पॅकिंग कापून टाकलं की पंपाची दांडी पूर्ण दाबलीच जात नाही आणि नवा कोरा पंपसुद्धा अर्धाच चालतो. हे मी खूप बघितलंय. आणि डिपस्टिक ओढून वास घ्या, ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल वर गेली असेल तर पंपाचा डायफ्रॅम फाटलाय आणि पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय, मग ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवूच नका, बेअरिंग जातील.

इलेक्ट्रिक पंपाबद्दल हात जोडून सांगतो. कार्ब्युरेटरला ३-४ पीएसआय पुरे. दुकानदार हातात एमपीएफआयचा, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीचा, पंप ठेवेल, तो ४० च्या आसपास मारतो, वाटी भरली की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई ते कसं धरणार, कार्ब्युरेटर ओसंडून वाहील आणि खाली गरम एक्झॉस्ट आहे. कमी दाबाचा मिळाला तरी आधी दोष शोधा, नाहीतर पंप त्याच चिरेतून हवा ओढत बसेल आणि तुम्ही म्हणाल पंप खराब निघाला.

कोथरूडकर

पाऊस-धुक्याचं आधी सांगितलं असतं तर फडक्याचं बोललोच नसतो. एप्रिलच्या दुपारी मात्र फडकं ठेवाच.

हडपसरची_पद्मिनी

अपडेट. रविवारी पहाटे मुद्दाम टाकी पाव ठेवून गेलो, बाबा बरोबर. मंडळी, गाडी बंद पडावी म्हणून प्रार्थना करत घाट चढायचा म्हणजे काय असतं ते विचारू नका. नेहमीच्या जागेच्या थोडं आधीच पिकअप गेला, बाजूला घेतली. एअर फिल्टर काढला, बाबांनी अॅक्सिलरेटर दाबला, कोरडं. एक थेंब नाही. टाकीचं झाकण उघडलं, काही आवाज नाही. पुढे कार्ब्युरेटरजवळ पारदर्शक फिल्टर लावलेला आहे तो जवळजवळ रिकामा, तळाला थोडं पेट्रोल.

घरी येऊन बाटलीचा टेस्ट केला, शेजारचे काका फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभे राहिले आणि सल्लेपण देत राहिले. टाकीवरून, फुस्स, थोडं पेट्रोल, फेस, फुस्स. कॅनमधून, टकाटक टकाटक गच्च धार. ऑइलला वास नाही.

मग मागे खाली शिरलो. टाकीतून निघणारा लोखंडी पाइप आणि गाडीखालून पुढे जाणारा पाइप यांच्यामधे वीतभर रबरी नळी आहे, बाहेरून बघितलं तर काळी, धूळ बसलेली, ठीकच वाटते. चिमटीत धरून वाकवली तर क्लिपपाशी बारीक चिरा उघडल्या. आणि काढून आतून बघितलं तर भोक जेमतेम काडी जाईल एवढं राहिलेलं, रबर फुगून आत आलेलं आणि दाबलं की चपटं होतं आणि हळूहळू उघडतं. बाहेर ओलसरपणा काही नव्हता.

फोटो टाकतो संध्याकाळी. आता नळी कुठली घेऊ? हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक चालेल का, आतलं दिसतं तरी.

मृण्मयी_जी

वा, म्हणजे दोन्ही एकाच नळीत होतं. मऊ झालेली नळी जोरात ओढ बसली की चपटी होते, म्हणजे नेमकी घाटात बंद, आणि इंजिन थांबलं की उघडते, म्हणजे तुमची १५ मिनिटं. आणि चिरांमधून हवा, म्हणजे सकाळचा सेल्फ. टाकी भरलेली असली की पेट्रोल वरपर्यंत असतं, पंपाला कमी उचलावं लागतं, ओढ कमी, म्हणून बाबांचं बरोबर.

पारदर्शक अजिबात नको, ती पेट्रोलने महिन्या-दोन महिन्यांत कडक होऊन तडकते. नळीवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या, तिचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकणारं असतं. आर७ साध्या पेट्रोलच्या काळातली, आत्ता चालेल पण परत तेच होईल. जुना तुकडा बरोबर न्या, आतलं माप लोखंडी पाइपावरून घ्या, नळीवरून नको, ती फुगलेली आहे. आणि फक्त तीच नाही, पंपाच्या आधीचा आणि नंतरचा, रबराचा प्रत्येक तुकडा बदला, सगळे एकाच वयाचे आहेत.

गॅरेजवाला_धनकवडी

क्लिप चांगली घ्या, कडा गोल असलेली, नाहीतर नवीन नळी क्लिपच कापते. तारेने बांधायचं नाही. नळी काढलीच आहे तर टाकीतलं पेट्रोल बरणीत काढून एक रात्र ठेवा, तळाला लाल गाळ बसला तर टाकी उतरवून धुवायला लागेल.

हडपसरची_पद्मिनी

सगळ्या नळ्या बदलल्या, आर९ शेवटी क्वार्टर गेटच्या बाजूला मिळाली, पहिल्या दुकानात माणूस म्हणाला असं काही नसतं, पेट्रोलची नळी म्हणजे पेट्रोलची नळी. बरणीत थोडी लाल धूळ बसली, चिमूटभर. पाव टाकीवरच सासवड करून आलो, दुपारी, एसटीच्या मागे फर्स्टला रखडत, काही नाही. आठवडाभर उभी ठेवून बघायची आहे अजून, सकाळच्या सेल्फचं तेव्हा कळेल.

एक शेवटचं, त्या लाल धुळीसाठी टाकीजवळ अजून एक कागदी फिल्टर लावू का?

दापोडीकर_काका

कागदी नको, ओढीच्या बाजूला बारीक फिल्टर म्हणजे परत अडथळा, आणि खाली असल्यामुळे तुंबला तरी दिसणार नाही. पंपाच्या आधी लावायचाच तर जाड जाळीचा लावा. कागदी पंपाच्या पुढे आहे तो राहू दे, फक्त एक्झॉस्टपासून लांब सरकवा. दोन-तीन टाक्या पेट्रोल गेल्यावर तो उघडून बघा, लाल दिसला तर टाकी उतरवा. आणि क्लिपा आठवड्याने परत एकदा आवळा, नवीन रबर बसतं थोडं. सकाळचा सेल्फ तरीही राहिला तर मग पंपाचे व्हॉल्व, तेव्हा लिहा.